कपाटातल्या गोळ्या

आजोबांच्या बीपीच्या गोळ्या फ्रिजवर असतात. आईची थायरॉइडची बाटली ओट्यावर, चहा-साखरेच्या डब्यांशेजारी. बाबांची शुगरची स्ट्रिप जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकलेली. पाहुणे आले म्हणून यातलं काही हलत नाही. उलट ‘तुमची किती एमजीची? माझी वाढवली हो परवा,’ अशी चर्चा रंगते. त्याच घरात चौदा वर्षांच्या मुलीला फिट येत असेल, तर तिच्या गोळ्या मात्र बहुधा कपाटात सापडतात. साड्यांच्या घड्यांमागे. रात्री दार लोटून तिला गोळी दिली जाते आणि एखाद्या मावशीने पाहिलंच, तर ‘कॅल्शियमची आहे’ हे उत्तर तयार असतं.

त्या मुलीला कुणी ‘लाज वाटून घे’ असं सांगितलेलं नसतं. पण कुठला आजार फ्रिजवर ठेवायचा आणि कुठला कपाटात, हे तिला बरोब्बर कळतं.

जोसेफ श्नायडर आणि पीटर कॉनरॅड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९८० साली नेमकी हीच गोष्ट मांडली. अपस्मार असलेल्या माणसांच्या त्यांनी दीर्घ मुलाखती घेतल्या. ही माणसं आजार लपवायला शिकली कुठे? टिंगल करणाऱ्या वर्गमित्रांकडून? नोकरी नाकारणाऱ्या मालकाकडून? अनेकांचा पहिला धडा घरातच झाला होता. आईवडिलांनीच, मुलाच्या भल्यासाठी म्हणून, ‘हे बाहेर बोलायचं नाही’ असं बजावलं होतं. या अभ्यासकांनी अशा पालकांना लाजेचे प्रशिक्षक म्हटलं. शब्द बोचरा आहे. पण घरात शिकवलेली गोष्ट घरातच बदलता येते, एवढा दिलासाही त्यात आहे.

अपस्मार असलेल्या किशोरवयीन मुलामुलींचं खचलेलं मन हा विषय न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत क्वचितच निघतो. तिथे गर्दी असते, हातात फाइल असते आणि प्रश्न ठरलेले असतात: फिट किती आल्या? गोळी चुकली का? झोप होते का? उत्तरं आई देते. ज्याला फिट येते तो मुलगा शेजारच्या स्टुलावर मान खाली घालून बसलेला असतो.

धांदरट, वेंधळी, लक्ष नसलेली

मेंदूतल्या पेशी एकमेकींना सूक्ष्म विद्युतसंदेश पाठवत असतात. या संदेशांचा एकाएकी अनावर भडका उडाला की फिट येते. ताप, डोक्याला मार, रक्तातली साखर उतरणं असं तात्कालिक कारण नसताना, चोवीस तासांहून अधिक अंतराने दोनदा फिट आली की डॉक्टर सहसा अपस्माराचं निदान करतात. जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, भारतात १ कोटीहून अधिक लोकांना. वेळेवर निदान झालं आणि योग्य औषधं मिळाली, तर यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

फिट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: माणूस कोसळला, हातपाय झडू लागले, तोंडाला फेस आला. हा एक प्रकार झाला. किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार मात्र वेगळ्याच वाटेने घरात शिरतो.

सकाळचे साडेसहा. रात्री एकपर्यंत अभ्यास किंवा मोबाइल झालेला. मुलगा डोळे चोळत ओट्याशी येतो, चहाचा कप उचलतो आणि खांद्यापासून हाताला असा हिसका बसतो की कप समोरच्या भिंतीवर जाऊन आपटतो. तो पूर्ण शुद्धीत असतो, त्यामुळे त्यालाही काय झालं ते सांगता येत नाही. आई ओरडते, ‘लक्ष कुठंय तुझं?’ चार दिवसांनी हातातला टूथब्रश उडतो. मग कंगवा. घरात त्याचं नाव धांदरट पडतं. आठवीपासून दहावीपर्यंत तो हे नाव घेऊन वावरतो आणि मग एखाद्या सकाळी, बहुधा जागरणानंतर, मोठी फिट येते. डॉक्टर विचारतात, ‘सकाळी हाताला झटके बसायचे का?’ घरचे एकमेकांकडे बघतात. हा ‘जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी’ नावाचा प्रकार साधारण १२ ते १८ या वयात सुरू होतो, औषधांनी चांगला आटोक्यात येतो आणि तरी वर्षानुवर्षं ओळखला जात नाही. कारण ते झटके कुणी आजार म्हणून डॉक्टरांना सांगतच नाही.

दुसरा प्रकार आणखी फसवा. मुलगी फळ्याकडे बघताबघता दहा-पंधरा सेकंद कुठेतरी हरवते. नजर स्थिर, पापण्यांची हलकी फडफड. परत येते तेव्हा बाई गणिताच्या पुढच्या पायरीवर गेलेल्या असतात. दिवसातून असं अनेकदा झालं तर वही अर्धवट राहणारच. प्रगतिपुस्तकावर शेरा येतो: ‘वर्गात लक्ष नसते’. तिसऱ्या प्रकारात मुलगा एकदोन मिनिटं चघळल्यासारखं तोंड हलवतो, शर्टाच्या गुंड्यांशी चाळा करतो, भलतीकडेच चालू लागतो. त्याला यातलं काही आठवत नाही, पण वर्गाला आठवतं आणि मधल्या सुटीत त्याची नक्कल होते. गावाकडे याच प्रकाराला ‘बाहेरचं’ म्हणतात आणि पोर न्यूरॉलॉजिस्टच्या आधी भगताकडे पोहोचतं.

म्हणजे निदानाच्या कागदावर आजाराचं नाव येण्याआधीच मुलाला दोन-तीन नावं चिकटलेली असतात. अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक जोन ऑस्टिन यांनी पहिल्यांदाच फिट आलेल्या मुलांचा अभ्यास केला. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात दिसलं, की यातल्या बऱ्याच मुलांच्या वागण्यातल्या अडचणी पहिली फिट ओळखली जाण्याच्या आधीपासूनच होत्या आणि त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा जास्त होत्या. चिडचिड, मिटून बसणं, अभ्यासातली घसरण यांना ‘आजार कळल्यावर खचला’ एवढंच कारण देऊन भागत नाही. मेंदूत चाललेली उलथापालथही त्यात असते. हट्टी, आळशी म्हणून ज्याला इतकी वर्षं रागावलो, त्याचा त्यात फारसा दोष नव्हता, हे त्याला तोंडाने सांगायला हवं. ते सांगणारा माणूस बहुतेक घरांत नसतो.

वर्गात आलेली फिट

शाळेत फिट आली की पुढची पाच मिनिटं बहुतेक ठिकाणी सारखीच जातात. कुणीतरी चप्पल नाकाशी धरतं, कुणी कांदा आणायला डब्यांकडे धावतं, कुणी मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबतं. शिपाईमामा दातांत चमचा घालायला बघतात. दोघंतिघं हातपाय दाबून धरतात. फिट एकदोन मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं.

खरं करायचं असतं ते इतकं साधं आहे की सहावीतली मुलंही ते करू शकतात. घड्याळात वेळ बघायची. आजूबाजूचे बाक, कंपास, पाण्याच्या बाटल्या बाजूला सारायच्या. डोक्याखाली दप्तर किंवा स्वेटर सरकवायचा, गळ्याशी टाय-बटण सैल करायचं. झटके ओसरले की कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ बाहेर वाहील आणि श्वास मोकळा राहील. तोंडात काहीही घालायचं नाही. जीभ गिळली जात नाही, चमच्याने दात मात्र तुटतात. हातपाय दाबायचे नाहीत. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. फिट पाच मिनिटांपेक्षा लांबली, एकीमागून दुसरी आली, श्वासाचा त्रास दिसला किंवा मोठी इजा झाली, तर १०८ ला फोन. काही मुलांना डॉक्टर नाकात मारायचा मिडाझोलमचा स्प्रे लिहून देतात. तो दप्तरात आणि शाळेच्या ऑफिसात असावा आणि तो कसा मारायचा हे निदान दोन शिक्षकांना माहीत असावं.

इथपर्यंतचं सारं प्रथमोपचाराच्या तक्त्यावर असतं. मुलाच्या मनावर ओरखडा उठतो तो त्यानंतरच्या दहा मिनिटांत. फिटमध्ये कपडे ओले होतात. जीभ चावली जाते, ओठाला रक्त असतं. मूल डोळे उघडतं तेव्हा चाळीस चेहरे त्याच्याकडे बघत असतात आणि त्यातल्या एखाद्याच्या हातात मोबाइल असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी, जेव्हा गालावरची एक पुटकुळीही जगबुडी वाटते, तेव्हा हे किती भयंकर असेल? जाणते शिक्षक म्हणून पहिलं काम करतात ते वर्ग बाहेर काढण्याचं. दुसरं, ओढणी किंवा जॅकेट कमरेवर टाकण्याचं. तिसरं, फोन खाली ठेवायला लावण्याचं. शाळेच्या कपाटात जादा गणवेशाचा एक जोड ठेवायला खर्च फारसा येत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ते मूल वर्गात येण्याआधी बाकीच्यांशी पाच मिनिटं बोलायचं असतं: काय झालं, का झालं, हे संसर्गाने होत नाही, पुन्हा झालं तर कुणी काय करायचं. मात्र हे बोलण्याआधी त्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना विचारायचं. त्याच्या आजाराबद्दल कधी, कुणाला, किती सांगायचं याचा पहिला हक्क त्याचा.

असं बोलणं किती गरजेचं आहे, हे अमेरिकेतल्या एका पाहणीवरून दिसतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत १९ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलामुलींनी भाग घेतला होता. निम्म्याहून अधिक मुलांनी अपस्माराबद्दल काही ऐकलं-वाचलंच नव्हतं. अपस्मार असलेल्या मुलाबरोबर किंवा मुलीबरोबर ‘डेट’वर जाऊ, असं म्हणणारे फक्त ३१ टक्के निघाले. ही मुलं दुष्ट नव्हती. त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं, इतकंच.

फिटपेक्षा धास्ती मोठी

ग्रॅहम स्कॅम्बलर आणि अँथनी हॉपकिन्स या ब्रिटिश अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक भेद दाखवून दिला. लोकांनी प्रत्यक्ष केलेला भेदभाव ही एक गोष्ट आणि ‘लोकांना कळलं तर काय होईल’ ही आतली धास्ती ही दुसरी. त्यांच्या अभ्यासातल्या लोकांना प्रत्यक्ष अपमानाचे प्रसंग त्या मानाने कमी आले होते. आयुष्य आखडून टाकलं होतं ते धास्तीने.

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या आठवड्यात ही धास्ती कशी काम करते ते बघण्यासारखं आहे. सहलीचा फॉर्म ती घरी दाखवतच नाही. नवरात्रात मैत्रिणी बोलवायला आल्या की तिचं पोट दुखतं. गॅदरिंगच्या नाचात ती मागच्या रांगेत उभी राहते आणि रंगीत तालमीच्या आधी नाव काढून घेते. मैत्रिणीकडे रात्री राहायला जायचं तर गोळी कुठे घ्यायची? म्हणून जात नाही, किंवा जाते आणि गोळी टाळते. गोळी चुकली आणि त्यावर जागरण झालं की फिट येण्याची शक्यता सर्वांत जास्त. लपवण्यासाठी केलेली गोष्टच भांडं फोडते.

घरचे त्यात भर घालतात, प्रेमानेच. सायकल बंद. पोहणं बंद. जिन्यावरून एकटीने उतरायचं नाही. धाकट्या भावाला सोबत पाठवायचं. धाकटा भाऊ दहा वर्षांचा. त्याच्या हवाली केलेल्या मुलीला स्वतःबद्दल काय वाटत असेल, हे वेगळं सांगायला नको.

काळजी खोटी नसते. विहीर, नदी, पेटती चूल, गच्चीचा कठडा ही खरीच धोक्याची ठिकाणं आहेत. एकट्याने पोहायचं नाही, हा नियम पाळायलाच हवा. पण फिट आटोक्यात असतील आणि पोहता येणारा जाणता माणूस शेजारी असेल, तर डॉक्टरांना विचारून पाण्यात उतरता येतं. न्हाणीघराची कडी न लावता दारावर ‘आत आहे’ची पाटी अडकवता येते. अंघोळ टबपेक्षा बादलीने बरी, आणि आपल्याकडे ती तशीच असते. कबड्डी, खो-खो, क्रिकेट, बॅडमिंटन यांवर सरसकट बंदी घालायला आधार नाही. अपस्मारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१६ मध्ये खेळांची धोक्यानुसार वर्गवारी करून दिली आहे आणि तिचा रोख मुलांना खेळू देण्याकडे आहे. झोपेच्या बाबतीत मात्र सवलत नाही. दहावीच्या वर्षी रात्रीचा दिवस करणं, हे फिटला दिलेलं आमंत्रणच. अशा मुलाचं वेळापत्रक पहाटे चारला नव्हे, रात्री दहाला ठरतं.

गोळीची दुसरी बाजू

मूल गोळी का टाळतं, याचं उत्तर काही वेळा आरशात असतं. फेनिटॉइन हे स्वस्त आणि जुनं औषध. १९३८ मध्ये त्याचा अपस्मारावरचा उपयोग सिद्ध झाला. त्याने काहींच्या हिरड्या सुजतात, अंगावर लव वाढते. व्हॅल्प्रोएटने वजन वाढू शकतं, केस गळतात, मुलींची पाळी बिघडू शकते. टोपिरामेटने बोलताबोलता नेमका शब्द सुचेनासा होतो. लेव्हेटिरासेटामने काही मुलं इतकी चिडकी होतात की घरच्यांना वाटतं, वयच तसं आहे. १९१२ पासून वापरात असलेलं फेनोबार्बिटाल मरगळ आणि उदासी आणू शकतं. प्रत्येकाला हे होतंच असं नाही. पण ज्या मुलीचं वजन सहा महिन्यांत वाढलं आणि वर्गात त्यावरून चिडवलं गेलं, तिने गोळी खिडकीबाहेर टाकली तर तिला ‘बेजबाबदार’ म्हणण्याआधी डॉक्टरांना पर्याय विचारायला हवा. पर्याय आज अनेक आहेत.

व्हॅल्प्रोएटच्या बाबतीत मुलींच्या पालकांनी तर हा प्रश्न वेळेवर विचारलाच पाहिजे. गर्भावर होणाऱ्या गंभीर परिणामांमुळे मूल होण्याच्या वयातल्या मुली-स्त्रियांना ते देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मात्र हे वाचून कुणी गोळी परस्पर बंद करू नये. अचानक बंद केलेल्या औषधाने येणारी फिट जिवावर बेतू शकते.

मनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. अपस्मार असलेल्या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंता यांचं प्रमाण इतर मुलांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये फिटच्या औषधांबाबत इशारा दिला, की काही रुग्णांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. धोका एकूणात कमी असला, तरी नवं औषध सुरू झाल्यावर लक्ष ठेवायला हवं. मूल खोलीतून बाहेर येईनासं झालं, आवडता खेळ सोडला, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं बोललं, तर ‘वेडंवाकडं बोलू नकोस’ म्हणून विषय बदलायचा नसतो. सरळ विचारायचं असतं, ‘मरावंसं वाटतं का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. न्यूरॉलॉजिस्टच्या फाइलला मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी जोडली गेली, म्हणजे मूल ‘मेंटल’ झालं असं नव्हे. उपचार पूर्ण झाले, एवढंच.

‘पुढे लग्नाचं काय?’

मुलगी चौदाची असते, औषधाने फिट थांबलेली असते आणि आई दबक्या आवाजात विचारते, ‘डॉक्टर, पुढे लग्नाचं काय?’ मुलगी शेजारीच बसलेली असते. तिला सायन्सला जायचं असतं. तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा प्रश्न कोणता, हे मात्र आईने सांगून टाकलेलं असतं.

आईचा प्रश्न आकाशातून पडलेला नाही. हिंदू विवाह कायद्यात विवाहासाठी अपात्र ठरवणाऱ्या अटींमध्ये वेडाच्या झटक्यांच्या जोडीने अपस्माराचाही उल्लेख होता. तो वगळला गेला डिसेंबर १९९९ मध्ये, विवाह कायद्यांतल्या दुरुस्तीने. विशेष विवाह कायद्यातूनही तो त्याच वेळी गेला. म्हणजे आज जे आईवडील चाळिशी-पन्नाशीत आहेत, ते अपस्मार आणि वेड यांना एका ओळीत बसवणाऱ्या कायद्याखाली लहानाचे मोठे झाले. ही दुरुस्ती आपोआप झाली नाही. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. एडी भरुचा यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनने त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. कायदा बदलला तरी पत्रिका जुळवताना गोळ्या कपाटातच राहिल्या. आणि लपवून केलेलं लग्न पहिल्याच फिटला फसवणुकीच्या आरोपापर्यंत जातं.

पुण्यात या कोंडीवर एक रस्ता तयार झाला. लेखक अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांची कन्या यशोदा वाकणकर यांनी स्वतः लहानपणापासून अपस्मार अनुभवला. २००४ मध्ये त्यांनी ‘संवेदना’ हा अपस्मार असलेल्यांचा स्वमदत गट सुरू केला. पुढे अशा मुलामुलींची लग्नं आजार न लपवता जुळवण्याचं कामही त्यांनी हाती घेतलं. व्यसनमुक्तीसाठी १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ उभं करणाऱ्या आईवडिलांच्या घरात, दुखणं चारचौघांत मांडलं की हलकं होतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. मुंबईच्या डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशनने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात शिबिरं घेतली. जिथे न्यूरॉलॉजिस्ट महिनोन्‌महिने दिसत नाही, तिथे तपासणी आणि औषध दोन्ही पोहोचवलं.

स्वमदत गटाचं मोल किशोरवयात अधिक असतं, कारण या वयात आईबापांपेक्षा बरोबरीच्यांचं ऐकलं जातं. ‘काही होत नाही गं’ हे वाक्य आईने शंभरदा म्हटलं तरी पोकळ वाटतं. तेच फिट येत असूनही इंजिनीअरिंगला गेलेल्या एखाद्या दादाने, ‘मला परीक्षेच्या आदल्या दिवशी आली होती यार’ असं सुरू करून सांगितलं, तर ऐकणारा स्टुलावरची मान वर करतो.

प्रसिद्ध माणसांची उदाहरणं इथे कामाला येतात, पण जपून वापरावीत. १९९२ च्या विश्वचषकात ब्रिस्बेनला हवेत झेपावून इंझमामला धावबाद करणारा जाँटी ऱ्होड्स लहानपणापासून अपस्माराबरोबर जगत आला आहे. ‘दंगल’मधली फातिमा सना शेख हिने सांगितलं आहे, की त्या चित्रपटासाठी तयारी करतानाच तिच्या अपस्माराचं निदान झालं. त्याहून जवळची वाटेल ती कॅनडातली कॅसिडी मेगन. २००८ मध्ये, नऊ वर्षांची असताना, आपल्यासारख्या इतर मुलांना एकटं वाटू नये म्हणून तिने २६ मार्च हा अपस्मारासाठीचा ‘जांभळा दिवस’ म्हणून पाळायची कल्पना काढली आणि आज तो अनेक देशांत पाळला जातो. फक्त ‘ऱ्होड्सला जमलं, मग तुला का नाही?’ असं म्हणायचं टाळावं. ज्याच्या फिट अजून थांबलेल्या नाहीत त्याला हे उदाहरण आधाराऐवजी आणखी एका परीक्षेसारखं वाटतं. तीन औषधं घेऊनही फिट न थांबणारी मुलं असतात. त्यांच्यापैकी काहींना मेंदूच्या शस्त्रक्रियेचा उपयोग होतो. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत अपस्मार शस्त्रक्रियांचा मोठा कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे, मुंबईतही अशा शस्त्रक्रिया होतात. दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट चालूच राहिल्या, तर अशा केंद्रात दाखवण्याचा आग्रह पालकांनी धरावा.

सूत्रं कुणाकडे

खचलेला आत्मविश्वास भाषणांनी परत येत नाही. तो येतो छोट्या-छोट्या कामांचा ताबा परत मिळाला की. बाराव्या-तेराव्या वर्षापासून गोळ्यांची आठवड्याची डबी मुलाने स्वतः भरावी, आईने रविवारी एकदा बघावी. फिटची नोंदवही मुलाच्या अक्षरात असावी: तारीख, वेळ, झोप किती झाली होती, मुलींनी पाळीचे दिवस. डॉक्टरांकडे जाण्याआधी त्याने आपले तीन प्रश्न लिहून न्यावेत आणि तपासणीतली पाच मिनिटं डॉक्टरांनी त्याच्याशी एकट्याशी बोलावं. मोटारसायकलचं काय, दारूचं काय, एखादी आवडते तिला सांगू का, हे प्रश्न आईसमोर निघणार नाहीत. वाहन परवान्याच्या अर्जाबरोबरच्या प्रकृतीच्या घोषणापत्रात अपस्माराबद्दल थेट विचारलेलं असतं. खोटं उत्तर लिहायचा मोह सतराव्या वर्षी होतो. त्याबद्दलचं बोलणं पंधराव्या वर्षी झालेलं बरं.

आणि मुलाला आपल्या आजाराबद्दल सांगायची दोनचार वाक्यं स्वतःची असावीत. ‘मला कधीकधी फिट येते. दोन मिनिटांत थांबते. मला कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, माझ्याजवळ थांब.’ घरात दोनतीनदा मोठ्याने म्हणून पाहिली की ती बाहेरही म्हणता येतात. पहिल्यांदा एकाच मित्राला सांगावं. बहुतेक वेळा तो मित्र फक्त ‘बरं’ म्हणतो आणि क्रिकेटबद्दल बोलू लागतो. ज्या गुपिताने दोन वर्षं झोप उडवली होती ते इतक्या पटकन निकालात निघालं, याचंच मुलाला आश्चर्य वाटतं.

घरच्यांनी अपराधीपणाचा हिशेबही बंद करावा. कुणाची नजर लागली, गरोदरपणात काय चुकलं, कुठल्या देवाचं राहिलं, या चर्चा भिंतीपलीकडे ऐकू जातात आणि मूल स्वतःला घरावरचं संकट समजू लागतं. कारणं शोधायची तर डॉक्टरांकडे शोधावीत. भारतात फिटचं एक मोठं कारण पट्टकृमीची अंडी आहेत. दूषित पाणी आणि न धुतलेल्या भाज्यांतून ती पोटात जातात, म्हणून शुद्ध शाकाहारी घरातल्या मुलाच्या मेंदूतही त्याची गाठ सापडते आणि अशा अनेक मुलांची औषधं पुढे बंद होऊ शकतात. काहींना आनुवंशिक कल असतो, काहींना जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडलेला असतो, बऱ्याच जणांत कारण सापडत नाही. यात पाप-पुण्याचा संबंध कुठेच येत नाही.

सरकारी व्यवस्थेत यासाठी जागा आहे, ती वापरायला हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या ज्या आजारांची तपासणी त्यात होते, त्यांत फिटचे आजारही आहेत आणि हे पथक शाळेत येतं. पथक येण्याच्या दिवशी ‘वर्गात लक्ष नसते’ असा शेरा असलेली मुलं त्यांच्यासमोर आवर्जून उभी करणं, हे वर्गशिक्षकांच्या हातात आहे.

१७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन. दिवाळीची सुटी संपून दुसरं सत्र सुरू होतं त्याच सुमारास तो येतो. मुख्याध्यापकांना विनंती आहे, की यंदा त्या आठवड्यातला एक तास आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गाला द्यावा. तालुक्याच्या डॉक्टरांना बोलवा, नाही मिळाले तर विज्ञानाच्या शिक्षकांना सांगा. एका विद्यार्थ्याला जमिनीवर झोपवा, दुसऱ्याला घड्याळ द्या, तिसऱ्याला त्याला कुशीवर वळवायला सांगा. १०८ आणि १४४१६ हे दोन आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि सत्र संपेपर्यंत पुसू नका.